कॅथलिक होतोय, पण जपमाळ आणि पापनिवेदन या दोन जागी गाडी अडलीये

नगरी_मिरची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहायची वेळ आली. मी मूळचा नगरचा (हो, आता अहिल्यानगर), घर सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), म्हणजे 1970 साली बरीच प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र व्हायच्या आधी आजोबांच्या तोंडी अमेरिकन मराठी मिशनच असायचं. तान्हेपणी बाप्तिस्मा, संडे स्कूल, नाताळच्या नाटकात कायम तिसरा मेंढपाळ, सगळं रीतसर झालेलं. बायको वसईची कॅथलिक. लग्न बिशपांच्या परवानगीने तिच्या चर्चमध्ये झालं आणि त्यासाठी मला काही बदलावं लागलं नाही, हे आधीच सांगतो नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येणार.

आता कॅथलिक व्हायचं मी स्वतःहून ठरवलंय. कारण मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना. दर रविवारी हिच्याबरोबर जायचो आणि कम्युनियनला (ख्रिस्तप्रसाद घ्यायला) सगळा बाक उठला की कॅथलिक नाही म्हणून मी एकटा गुडघे आत घेऊन लोकांना वाट द्यायचो. ते गुडघे आत घेणं जड व्हायला लागलं, बस्स.

फादरांकडे सहा महिने शिकवणीला जातोय. बाकी सगळं गळी उतरलं, दोन गोष्टी उतरत नाहीत. एक, मरियेची भक्ती. लहानपणी आमच्यावरून हरेगावच्या मतमाउलीला (मरियाच ती) लोक चालत जायचे, आजी ओसरीत बसून नुसते ओठ आवळायची. ते आवळलेले ओठ माझ्यात इतके मुरलेत की जपमाळ हातात घेतली की आजी दिसते. दुसरं, पापनिवेदन. मी 34 वर्षांचा आहे. म्हणजे सातव्या वर्षापासूनचं सगळं सांगायचं?? आणि कुणाला, तर मिस्सेनंतर ज्यांच्याबरोबर गेटवर चहा पितो त्याच फादरांना?

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. टिंगल करणाऱ्यांनी दुसरा धागा काढा.

निरीश्वर_नाना

टिंगल नाही, साधा प्रश्न. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताय, घर तेच. इतका त्रास कशाला?

नगरी_मिरची

नाना, खोली बदलताना कपाट रिकामं करावं लागतं, तोच त्रास.

पापडीचा_पोरगा

मिरचीभाऊ, वसईत स्वागत. मी जन्माचा कॅथलिक, त्यामुळे तुमचा अनुभव मला नाही, पण धर्मशिक्षण वर्ग बारा वर्षं घेतोय तर मरियेबद्दल थोडं सांगतो.

आराधना वेगळी आणि मान वेगळा, हे इथे कुणी नवीन काढलेलं नाहीये. 787 सालची निकियाची दुसरी परिषद (बिशपांची) वाचा, मूर्तींवरून तेव्हा रक्त सांडलं होतं आणि तिथे हेच ठरलं की खरी आराधना फक्त देवाची, प्रतिमेला द्यायचा तो आदर आणि तो ज्याची प्रतिमा आहे त्याला पोचतो. ग्रीकमध्ये शब्दच वेगवेगळे आहेत, देवाला लॅट्रिया, संतांना डुलिया, मरियेला हायपरडुलिया. म्हणजे तिला मान सगळ्या संतांपेक्षा जास्त, पण जातकुळी मानाचीच, आराधनेची नाही. घोळ मराठीत होतो, कारण आपल्याकडे भक्ती हा एकच शब्द देवाला, आईला, देशाला आणि सचिनला चालतो.

आणि "देवमाता" हे नाव. ते 431 ला इफेससला ठरलं आणि ते भांडण मरियेवरून नव्हतंच, येशूवरून होतं. नेस्तोरियस नावाचा बिशप म्हणत होता की ख्रिस्ताची आई म्हणा, देवाची आई म्हणू नका. परिषद म्हणाली, तसं म्हटलंत तर येशूचे दोन तुकडे होतील, एक मरियेचा मुलगा आणि एक देवाचा. तिला देवमाता म्हटलं ते त्याला एकसंध ठेवायला. तुमची सीएनआय पण इफेसस मानते बरं का, विचारून बघा.

राहिली जपमाळ. 59 मणी, त्यातले 53 नमो मरियाचे. नमो मरियाचा पहिला अर्धा भाग सरळ लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे, देवदूत काय म्हणाला आणि अलिशिबा काय म्हणाली. दुसऱ्या अर्ध्या भागात क्रियापद कुठलं आहे बघा, "विनंती कर". "दे" नाही. आख्ख्या प्रार्थनेत तिच्याकडे एक वस्तू मागितलेली नाही.

बुधवारवाली

वा काय मस्त सांगितलंत पापडी. "दे" नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं आणि मी अकरा वर्षं म्हणतेय.

मी हिंदू घरातली, दादरची. ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर माहीमला बुधवारच्या नोव्हेनाला जायला लागले, नऊ बुधवार, तेव्हा नोकरीचं काहीतरी होतं. तिथे अर्धी रांग आपलीच असते, फुलं मेणबत्ती घेऊन. त्यामुळे मरियेचा मला कधी प्रॉब्लेम नव्हता, उलट झालं, मला फादरांनी थांबवलं. म्हणाले बाई तुम्ही तिला देवी समजताय. मी म्हटलं मग काय समजू. ते म्हणाले, पहिली शिष्या. मला आधी रागच आला, एवढी माझी माउली आणि तुम्ही तिला शिष्या म्हणताय! दीड वर्ष लागलं ते पचायला. म्हणजे मिरची, तुम्हाला खालून वर चढायचंय, मला वरून खाली उतरायचं होतं.

पापनिवेदनाचं सांगायचं तर माझं झालंच नाही सुरुवातीला :) कारण मोठेपणी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाला. स्नानसंस्कारानेच मागचं सगळं धुतलं जातं, जन्मपाप, स्वतः केलेली पापं, शिक्षासकट. त्यामुळे त्याच्या आधीचं सांगायचंच नसतं. मला तर यादी तयार होती, दोन पानी, फादर म्हणाले फाडून टाका.

नगरी_मिरची

हे अन्यायकारक आहे. म्हणजे मी तीन महिन्यांचा असताना आईबापाने बाप्तिस्मा दिला म्हणून मला 34 वर्षांचं बिल, आणि ताईंना कोरी पाटी?

पापडीचा_पोरगा

हाहा, हो, अगदी तसंच. पण याची दुसरी बाजू बघा. तुमचा नगरचा बाप्तिस्मा चर्च खरा मानतं. पाणी ओतलं, पित्याच्या पुत्राच्या पवित्र आत्म्याच्या नावाने दिला, झालं. तो पुन्हा देणं हेच चूक आहे. तुम्ही विश्वास जाहीर करायचा, मग दृढीकरण, मग कम्युनियन, एवढंच. ईस्टरच्या रात्रीच व्हायला पाहिजे असंही नाही. आणि बाप्तिस्मा खरा आहे म्हणूनच त्यानंतरची पापं प्रवेशाच्या आधी पापनिवेदनात सांगायची. बिल आलं म्हणजे मीटर तुमच्या नावावर आहे.

जुनी_वाट

आजकाल सगळं फारच गोड करून सांगतात. पूर्वी प्रोटेस्टंट माणूस आत येताना गुडघ्यावर बसून जुन्या शिकवणीचा रीतसर त्याग करायचा, बाप्तिस्म्याबद्दल शंका असेल तर सशर्त स्नानसंस्कार (आधीचा खरा नसेल तरच हा लागू), मग पूर्ण आयुष्याचं पापनिवेदन आणि सशर्त पापमुक्ती. क्रम पक्का होता. न्यूमन बघा. ऑक्सफर्डचा एवढा मोठा विद्वान अँग्लिकन, 1845 च्या ऑक्टोबरात डॉमिनिक बार्बेरी नावाचा इटालियन संन्यासी लिटलमोरला भर पावसात बग्गीच्या टपावर बसून चिंब भिजून आला, शेकोटीपाशी कपडे वाळवत उभा आहे तेवढ्यात न्यूमन येऊन त्याच्या पायाशी बसला आणि पापनिवेदन सुरू. त्या रात्री संपलं नाही, दुसऱ्या दिवशी पुरं झालं. वय 44. तुम्ही 34 चे आहात, लवकर आटपेल.

आणि मरियेबद्दल फ्रेंच संत मोंतफोर्ट वाचा, 33 दिवसांची तयारी करून समर्पण करा. तिच्यामार्फत येशूकडे, हाच जुना रस्ता. तिला सह-उद्धारक म्हणायला लाजू नका.

पापडीचा_पोरगा

जुनी वाट साहेब, न्यूमनचा किस्सा भारी, पण शेवटच्या वाक्याला हरकत. रोमने नोव्हेंबर 2025 मध्येच पत्रक काढलंय, मातेर पोपुली फिदेलिस, त्यात स्पष्ट आहे की सह-उद्धारक हे नाव वापरू नये, कारण उद्धारक एकच, आणि जे नाव दर वेळी समजावून सांगावं लागतं ते कामाचं नाही. तुम्हीच परंपरा परंपरा म्हणता तर रोमचं ऐका की.

जुनी_वाट

मला माहितीये ते पत्रक. कित्येक जुन्या संतांनी आणि काही पोपनीसुद्धा तो शब्द वापरलाय. पण ठीक, नव्या माणसापुढे हा वाद नको. मोंतफोर्टवर मात्र मी ठाम आहे. लोकांना वाटतं तो मरियेला देव करतो. त्याने पहिल्या काही पानांतच लिहिलंय की देवापुढे ती अणूहूनही लहान आहे. हे वाक्य वगळून पुढचं वाचणारे गोंधळ घालतात, भक्तही आणि टीकाकारही.

खिडकी

मी अजून सीएनआयमध्येच आहे आणि राहणार आहे, त्यामुळे जरा उलट बाजू. मिरची, तुझी आजी चुकलेली नाहीये. पहिलं तीमथ्य 2:5 काय म्हणतं, देव आणि माणसं यांच्यामध्ये मध्यस्थ एकच. एकच म्हणजे एकच. आणि शिकवण कागदावर कितीही नीट असली तरी बांद्र्याच्या जत्रेत सप्टेंबरात मोत माउलीसमोर (माउंट मेरी) मेणाचे हात, पाय, घरं आणि हल्ली म्हणे विमानं वाहतात, तिथे कोण लॅट्रिया आणि डुलिया मोजतंय? पंडिता रमाबाई बघ, 1883 ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, मरियेच्याच नावाच्या सिस्टर्सकडे राहून, आणि त्याच सिस्टर्सशी शिकवणीवरून पत्रोपत्री भांडल्या. बाई आत आली पण डोकं बाहेर ठेवून नाही आली. तूही ठेवू नकोस एवढंच.

नगरी_मिरची

खिडकी, तुझा प्रतिसाद सगळ्यात जास्त लागला कारण आतून मीच बोलतोय असं वाटलं. तीमथ्य मी फादरांना विचारलं होतं. ते म्हणाले त्याच अध्यायाची सुरुवात वाच. वाचली. पौल म्हणतो की सगळ्या माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना, मध्यस्थी करा. म्हणजे एकमेकांसाठी प्रार्थना करणं त्या एका मध्यस्थाच्या आड येत नाही, नाहीतर आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत "ब्रदर माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करा" म्हणणारे सगळेच पाखंडी ठरतील. फरक इतकाच की मरिया वारलेली आहे. आणि त्यावर फादर म्हणाले, ख्रिस्तात कोण वारलंय? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

पण मेणाच्या विमानाचं तुझं बरोबर आहे.

तेर्सकार

गोंयकार हांव, मराठी समजून घ्या. :) मेणाच्या विमानांवर एवढं चिडू नका हो. आमच्या म्हापशाची मिलाग्र सायबीण (मरियाच) शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असं तिथे पिढ्यान्पिढ्या सांगतात. एकमेकींच्या जत्रेला तेल न् फुलं जातात. कुठल्या धर्मग्रंथात आहे हे? कशातच नाही. चर्च शिकवतं का? नाही. पण धर्मांतराच्या वेळी घरं तुटली, बहिणी इकडे तिकडे झाल्या, ते दुःख लोकांनी असं जपलं, असं मला वाटतं. शिकवण वेगळी न् लोकांच्या मनातलं वेगळं, दोन्ही माहीत असावं.

तुमच्याकडे सगळं बुद्धीने चाललंय. आमच्याकडे संध्याकाळी तेर्स (जपमाळ) म्हटल्याशिवाय जेवण नाही. लहानपणी तिसऱ्या दहाच्या मण्यांना झोपायचो, आई कोपराने ढोसायची. शिकवण मग आली, मणी आधी आले. तुम्ही पण आधी एक दहा मणी म्हणा, पटायची वाट बघू नका. मन लागत नसेल तर प्रत्येक दहाला जो प्रसंग असतो तो डोळ्यापुढे आणा, ती येशूचीच गोष्ट आहे, जन्मापासून. 2002 पासून प्रकाशाचे पाच प्रसंग वाढवलेत, त्यात काना गावचं लग्न आहे. तिथे मरिया करते काय? दारू संपली एवढंच सांगते. आणि नोकरांना म्हणते, तो सांगेल ते करा. मग गप्प. माझी माय पण अशीच, बापायला नुसतं सांगायची, तांदूळ संपले.

बुधवारवाली

तांदूळ संपले!! आज दिवसभर हसणार मी.

निरीश्वर_नाना

विश्वास नसूनही हा धागा वाचतोय. पण पापनिवेदनाचं कुणी बोलेना. तो पापनिवेदनाचा डबा कसा असतो, फादर बाहेर सांगत नाहीत कशावरून?

आठ_आणे

मी बोलतो. पूर्वाश्रमीचा मेथडिस्ट, म्हणजे तुमच्यासारखा प्रोटेस्टंटच, नऊ वर्षांपूर्वी आत आलो. मिरचीसाहेब, तुमच्या सगळ्यात उपयोगाची गोष्ट सांगतो, जी मला कुणी सांगितली नाही आणि माझी पहिलीच वेळ वाया जाता जाता वाचली.

दहा आज्ञांचे नंबर आपले आणि त्यांचे वेगळे आहेत!! आपल्याकडे मूर्ती करू नको ही दुसरी आज्ञा. कॅथलिक ती पहिलीतच धरतात आणि शेवटी लोभाच्या दोन करतात, शेजाऱ्याची बायको वेगळी आणि शेजाऱ्याची मालमत्ता वेगळी. त्यामुळे मधले सगळे नंबर एकने सरकतात. आता बघा. मी आत गुडघ्यावर, घाम फुटलेला, नीट नाव घेऊन बोलायची हिंमत नाही म्हणून हुशारी केली, म्हटलं फादर सातवी आज्ञा, मनातल्या मनात, बऱ्याच वेळा. आपली सातवी म्हणजे व्यभिचार. त्यांची सातवी चोरी. फादर एकदम शांतपणे म्हणाले, साधारण किती रक्कम असेल, आणि परत करता येण्यासारखी आहे का?

मी जाळीच्या अलीकडे हतबुद्ध. शेवटी जे टाळत होतो ते शब्दात सांगावंच लागलं, वर चोर नाही हेही सिद्ध करावं लागलं.

तर नंबर सांगू नका, पाप सांगा. आणि सातव्या वर्षापासूनचं रोजचं नको. गंभीर पापं सांगायची, कुठलं आणि साधारण किती वेळा. गंभीर कधी, तर गोष्ट मुळात मोठी पाहिजे, ती मोठी आहे हे तेव्हा माहीत पाहिजे, आणि मनापासून केलेली पाहिजे. तिन्ही. आकडा आठवत नसेल तर "कॉलेजची चार वर्षं, महिन्यातून एकदोनदा" असं चालतं. खरंच विसरलेलं पापही त्यातच माफ होतं, आठवलं की पुढच्या वेळी सांगायचं. पण मुद्दाम एक लपवलं तर सगळंच फुकट, उलट नवं पाप. आणि जे सांगताय त्याचं वाईट वाटलं पाहिजे आणि सोडायची इच्छा पाहिजे, त्याशिवाय नुसती यादी वाचणं म्हणजे वाणसामानाची चिठ्ठी.

नाना, तुमचं उत्तर: फादरनी पापनिवेदनातलं सांगितलं तर ते आपोआप चर्चबाहेर पडतात आणि ती शिक्षा उठवणं फक्त रोमच्या हातात. खून सांगितला तरी पोलिसात जाऊ शकत नाहीत. एवढंच नाही, ऐकलेलं मनात ठेवून माझ्याशी वेगळं वागायचीही मुभा नाही. आणि डबा म्हणाल तर ती लाकडी जाळीची सोय 16 व्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो यांनी रूढ केली. वर्षातून एकदा तरी सांगा हा नियम त्याहून जुना, 1215 च्या लॅटेरान परिषदेचा.

खिडकी

किस्सा जबरी. पण मूळ प्रश्न तसाच की. देवाला थेट सांगता येतं ना? अँग्लिकन लोकांत म्हण आहे, वाटलं तर सगळ्यांना मुभा, सक्ती कुणालाच नाही. मला ते पटतं.

आठ_आणे

खिडकी, थेट सांगतोच की, रोज रात्री सांगायचो. वीस वर्षं सांगितलं. आणि दर वेळी मीच सांगायचो, मीच ऐकायचो आणि मीच स्वतःला सोडून द्यायचो, आणि मी फार दयाळू न्यायाधीश निघालो. योहान 20:23 मध्ये येशू शिष्यांना म्हणतो तुम्ही ज्यांच्या पापांची क्षमा कराल त्यांना क्षमा होईल, ज्यांची ठेवाल ती राहतील. ठेवायची का सोडायची हे ठरवायला आधी कुणीतरी ऐकायला नको का? नाहीतर शिष्यांनी करायचं काय, अंदाज?

सक्तीचं म्हणशील तर तसं आहे खरं. पण माझ्यासारख्याने मुभा वापरली नसती.

जुनी_वाट

उत्तम. यात भर एवढीच, की पापमुक्तीचे शब्द फादर "मी" वापरून म्हणतात, "मी तुला तुझ्या पापांपासून मुक्त करतो". तो मी फादरांचा नाही. चहावाले फादर तिथे नसतातच, मिरचीसाहेब. तरी जमत नसेल तर शेजारच्या धर्मग्रामात (दुसऱ्या चर्चच्या हद्दीत) जा, कुणाकडेही करता येतं, चालतं.

सांजपाखरू

मध्येच विचारते, मला एका ग्रुपवर मेसेज आलाय की हा मरियेचा फोटो अकरा जणांना पाठवला नाही तर तीन दिवसांत वाईट बातमी. हे कॅथलिक शिकवणीत आहे का?

पापडीचा_पोरगा

नाही. डिलीट करा. पहिल्या आज्ञेविरुद्ध आहे. (दोन्हीकडच्या पहिल्या.)

नगरी_मिरची

सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी येतोय. परवा झालं पापनिवेदन. शेजारच्या धर्मग्रामात नाही गेलो, चहावाल्या फादरांकडेच केलं. पाऊण तास. आठ आणे, तुमच्यामुळे एकही नंबर उच्चारला नाही. एक गोष्ट कॉलेजातली, जी बायकोलाही माहीत नाही, ती सगळ्यात शेवटी ठेवली होती आणि ती सांगताना आवाजच फुटेना. फादर काही बोलले नाहीत. नंतर फक्त विचारलं, त्या माणसाची भरपाई करता येईल का अजून. येईल. पत्ता काढतोय. प्रायश्चित्त म्हणून एक स्तोत्र दिलं, 51 वं, तेही आजीने लहानपणी पाठ करून घेतलेलं. बाहेर आलो तर ते गेटवर चहा घेऊन उभे, म्हणाले साखर कमी आहे आज. बस्स, एवढंच.

दहा मणी रोज म्हणतो. तेर्सकार, पटतंय असं नाही, पण आता आजी दिसत नाही, म्हणजे दिसते पण ओठ आवळत नाही.

खरी आजी गेल्या रविवारी भेटली. 86 वर्षांची आहे, नजर मात्र घारीची. बॅगेतून चार्जर काढताना जपमाळ बाहेर आली. मी म्हटलं झालं आता. तिने उचलली, मणी बोटाने सरकवून बघितले, क्रूस बघितला. मग डोळे मिटून लूकमधलं मरियेचं गीत सुरू केलं, "माझा जीव प्रभूला थोर मानतो" पासून, एक शब्द न चुकता, संडे स्कूलमध्ये पन्नास वर्षं शिकवलंय तिने ते. "सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील" इथे थांबली. म्हणाली, "धन्य म्हणायला आपली ना नाहीच. पण एकदा म्हटलं की झालं की रे. त्रेपन्नदा कशाला?"

पापडी, याचं काहीतरी उत्तर द्या, पुढच्या रविवारी परत जायचंय.

पापडीचा_पोरगा

आजींना विचारा, चहात साखर झाली का हे त्या तुम्हाला किती वेळा विचारतात.

खिडकी

हे उत्तर देऊ नकोस, मार खाशील. मी नगरची आहे, मला माहितीये.